वडिलांची शुगर लसीमुळे वाढली का? आधी जुनी फाइल काढा

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. वडील ५४ वर्षांचे. एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला, ॲडमिट होते, ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड दिलं, शुगर २८० पर्यंत गेली म्हणून इन्सुलिन सुरू केलं. घरी आल्यावर महिन्याभरात इन्सुलिन सुटलं. जूनमध्ये उपाशीपोटीची साखर ११६ आली आणि 'नॉर्मल आहे' म्हणून सगळे निर्धास्त झाले. जुलैअखेर आणि ऑक्टोबरअखेर कोविशील्डचे दोन डोस घेतले. पुढे २०२३ मध्ये तपासलं तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची शुगर) थेट ८.४. काका म्हणतात, लसीनेच झालं. मावशी म्हणतात, दोन वेळाच जेवा, गोळ्या फेकून द्या, शुगर जाते. वडिलांनी महिन्याभरापासून दोन वेळा जेवायला सुरुवात केली आहे, गोळी जुनीच चालू आहे, आणि दोनदा सकाळच्या वेळी त्यांना दरदरून घाम फुटून हातपाय थरथरले. तुम्ही विचारलंय: 'लसीमुळे झालं असेल तर गोळ्या बंद केल्या तर चालेल का?'

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस करतो आणि माझ्या ओपीडीत शुगरचेच पेशंट सगळ्यात जास्त. उत्तर लांब होणार आहे. पण घामाची गोष्ट आधी घेतो, कारण बाकीचं सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, ती थांबणार नाही.

तुम्ही लिहिलेल्या गोळीत ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आहे. मेटफॉर्मिन त्यातलं गरीब. एकटं असेल तर ते उपाशी माणसाची साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पुढ्यात ताट असो वा नसो. वडील सकाळी सातला चहाबरोबर गोळी घेतात आणि पहिला घास बारा वाजता. मधले पाच तास गोळी काम करतेय आणि पोटात काहीच नाही. तो घाम म्हणजे बहुधा साखर ७० च्या खाली गेल्याची खूण आहे. पुन्हा असं झालं तर ग्लुकोमीटर असल्यास लगेच बोटातून तपासा. नसल्यास तपासत बसू नका, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, आणि नंतर काहीतरी खायला घाला. माणूस बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर मात्र तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून 'दोन वेळा जेवतात आणि सकाळी साखर उतरते' एवढं स्पष्ट सांगा. त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत दोन वेळांचा नेम बाजूला ठेवा आणि गोळीबरोबर नाश्ता करू द्या. डोस कमी करायचा की गोळी बदलायची हे ते ठरवतील. बहुतेक वेळा बदलावीच लागते.

आता मूळ वाद. लसीने झालं, कोविडने झालं, स्टेरॉइडने झालं की खाण्याने झालं? व्हॉट्सॲपवर याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडतं. माझ्या टेबलावर ते पेशंटच्या तारखा लावल्याशिवाय मिळत नाही. आणि तुमच्या बाबतीत तारखा तुम्हीच दिल्या आहेत, फक्त त्यातल्या एका आकड्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही.

तुम्ही डिस्चार्ज कार्डावरून जे उतरवून दिलंय त्यात ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचा एचबीएवनसी आहे: ६.९. तो पुन्हा वाचा. एचबीएवनसी म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात ती तपासणी. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे ती दाखवते. ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. आठवडाभर ताप आला, साखर चढली, अगदी घरी चार दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तरी एवढ्यात हा आकडा साडेपाचावरून ६.९ वर जात नाही. रक्त फार कमी असेल तर हा आकडा फसवतो. लोह कमी असताना तो खोटा वाढू शकतो आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात, जो आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबार भागात बराच आढळतो, खोटा कमी दिसू शकतो. पण त्याच कार्डावर वडिलांचं हिमोग्लोबिन १३.८ आहे, त्यामुळे ती शंका फारशी उरत नाही. याचा अर्थ असा की एप्रिल २०२१ मध्ये ते दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा मधुमेह बहुधा त्यांच्याबरोबरच आत आला होता. कुणी त्याआधी तपासला नव्हता, एवढंच. लस त्यानंतर तीन महिन्यांनी आली.

दुसरा आकडा जूनचा: ११६. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असेल तर नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ पासून पुढे मधुमेह. ११६ ला 'नॉर्मल' म्हणणारा माणूस २८० पाहून आलेला असतो, त्यामुळे त्याला ते नॉर्मल वाटतं. त्या वेळी जेवणानंतर दोन तासांची साखर आणि एचबीएवनसी केली असती तर कदाचित चित्र तेव्हाच दिसलं असतं. पण २०२१ च्या जूनमध्ये कुणाला त्याची शुद्ध होती? माणूस घरी आला हेच खूप होतं.

मग मधल्या दोन वर्षांत काय झालं हेही तुम्हीच लिहिलंय, पण ओझरतं: अशक्तपणा भरून यावा म्हणून रोज सुकामेवा, डिंकाचे लाडू, फळांचे रस, शिवाय गुळाचा काढा; चालणं बंद; वजन ७४ वरून ८१. आणि आजीला शुगर होती. दोन वर्षांनी ८.४ यायला एवढं पुरेसं आहे.

हे तुमच्या वडिलांचं झालं. पण तुम्ही विचारलंय की काकांचं म्हणणं साफच खोटं आहे का. तसं मी म्हणणार नाही. लसीबद्दल शंका काढणाऱ्याला वेड्यात काढणं मला मुळात पटत नाही. एप्रिल २०२४ मध्ये बातम्या आल्या की लस बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या कोर्टात कबूल केलं की त्यांच्या लसीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट कमी होण्याचा त्रास होऊ शकतो. कोविशील्ड तीच लस, पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली. हा दुष्परिणाम डॉक्टरमंडळींना २०२१ पासूनच ठाऊक होता, पण लोकांपर्यंत तो तीन वर्षांनी कोर्टातून पोचला, तेव्हा 'आणखी काय लपवलंय?' हा प्रश्न साहजिक होता. माझ्या मते लसीकरणाच्या काळात 'पूर्ण सुरक्षित' म्हणण्याऐवजी 'अमुक त्रास, इतका क्वचित' असं सांगायला हवं होतं. पण एक दुष्परिणाम खरा निघाला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

शुगरच्या बाबतीत तो पुरावा काय सांगतो? लस घेतल्यावर ताप, अंगदुखी येते तशी काहींची साखर काही दिवस वाढते. असे मोजके पेशंट वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेलेत आणि मीही पाहिलेत. आधीपासून शुगर असलेल्यांत ते जास्त दिसतं आणि सहसा काही दिवसांत ते खाली येतं. फ्लूच्या तापातही हेच होतं. पण 'लसीने कायमचा मधुमेह लागतो' असं म्हणायचं तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मोठ्या गटांत फरक दिसायला हवा, आणि फरक दिसला तो उलट्या बाजूचा. इंग्लंडमध्ये दीड कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये अभ्यास आला. त्यात लस येण्याआधीच्या काळात कोविड झालेल्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांत टाइप २ मधुमेहाचं निदान चौपटीहून जास्त होतं. लस घेतलेल्यांना कोविड झाला तेव्हा ही वाढ बरीच कमी होती, न घेतलेल्यांत खूप जास्त. आणि ज्यांना कोविडनंतर मधुमेह निघाला त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्क्यांमध्ये तो चार महिन्यांनंतरही होता. म्हणजे बाकीच्यांचा ओसरला. तुमच्या वडिलांची साखर इन्सुलिनविना ११६ पर्यंत उतरली ती याच ओसरण्यात, पण पूर्ण ओसरली नाही.

आणखी एक आकडा काकांना नक्की सांगा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाठबळावर झालेलं देशव्यापी सर्वेक्षण जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं: भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. गोव्यात प्रमाण सगळ्यात जास्त, २६.४ टक्के. मथळे वाचून अनेकांनी निष्कर्ष काढला की बघा, लसीनंतर केवढी शुगर वाढली. पण या सर्वेक्षणाचं घरोघरचं काम २००८ ते २०२० या काळात झालं, आणि भारतात पहिली लस टोचली गेली १६ जानेवारी २०२१ रोजी. शुगरची लाट लसीच्या आधीच गळ्यापर्यंत आली होती.

शिवाय आपल्याकडे लसीचे २२० कोटींच्या वर डोस दिले गेले. त्यामुळे २०२२ नंतर ज्या कुणा प्रौढाची शुगर निघाली तो जवळपास नक्कीच लस घेतलेला असणार. त्याच न्यायाने २०२२ नंतर लागलेला प्रत्येक चष्मा आणि सुरू झालेली प्रत्येक गुडघेदुखीही लसीनंतरचीच.

मग खुद्द कोविडचं काय? त्याच्यावरचा संशय मला लसीवरच्या संशयापेक्षा बराच सबळ वाटतो. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या आरोग्यनोंदींवरचा अभ्यास मार्च २०२२ मध्ये आला, त्यात कोविड होऊन गेलेल्या १ लाख ८१ हजारांहून जास्त लोकांमध्ये वर्षभरात मधुमेहाची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसली. '४० टक्के' ऐकून छातीत धस्स होतं, पण त्याच अभ्यासाच्या भाषेत ते हजार माणसांमागे साधारण १३ जादा पेशंट. शिवाय ते पेशंट मुख्यतः वयस्कर पुरुष होते, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्या गावातल्या तिशीच्या बाईला लावू नयेत. विषाणू स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना थेट इजा करतो की शरीरातल्या दाहामुळे इन्सुलिनची ताकद कमी पडते, यावर अजून वाद आहे. माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे, कारण जे पेशंट मी पाहिले त्यांतले बहुतेक आधीच काठावर उभे होते.

आणि स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीतून कळलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू एक तृतीयांशाने घटतात आणि ऑक्सिजन लागलेल्यांमध्ये एक पंचमांशाने. डोस होता दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. तुमच्या वडिलांना ऑक्सिजन लागत होता, म्हणजे त्यांना स्टेरॉइड देणं योग्यच होतं; त्याने साखर वाढली पण बहुधा जीव वाचवायला मदतही केली. राग यायचाच असेल तर त्या प्रिस्क्रिप्शनांचा यावा ज्यांत तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच, ९८ ऑक्सिजन असलेल्या माणसाला, स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिलेल्या असायच्या, डोस दुप्पट-तिप्पट, बंद कधी करायचं ते लिहिलेलंच नाही. दुसऱ्या लाटेत ती प्रिस्क्रिप्शनं फोनवर फोटो होऊन एका घरातून दुसऱ्या घरात फिरायची. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) लोकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यामागे वाढलेली शुगर आणि बेहिशेबी स्टेरॉइड ही जोडगोळी मोठं कारण होती. स्टेरॉइडने चढलेली साखर ओळखूही येते: दुपारनंतर आणि जेवणानंतर भराभर वर, सकाळी उपाशीपोटी त्या मानाने बरी. स्टेरॉइड बंद झालं की काही दिवसांत-आठवड्यांत उतरते. २०२३ च्या ८.४ चं खापर २०२१ च्या स्टेरॉइडवर फोडता येत नाही.

थोडक्यात तुमच्या वडिलांपुरतं: आधीपासून असलेला, न तपासलेला सौम्य मधुमेह, कोविड आणि स्टेरॉइडने तो उफाळून दिसला, मग बराच खाली आला, आणि वजन वाढत गेलं तसा पुन्हा चढला. लसीला या गोष्टीत मला जागा सापडत नाही.

आता मावशींचा मुद्दा, आणि इथे माझं उत्तर त्यांना थोडं आवडेल. टाइप २ मधुमेह काही लोकांत खरंच मागे हटतो. ब्रिटनमध्ये झालेल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत, निदान होऊन सहा वर्षं झाली नाहीत अशा जाडसर पेशंटना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोक गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दोन वर्षांनी मात्र ४६ चे ३६ टक्के झाले, कारण वजन परत आलं. म्हणून आम्ही 'बरा झाला' असं न म्हणता 'आटोक्यात, औषधाविना' असं म्हणतो, आणि तेही गोळ्या बंद करून तीन महिन्यांनंतरचा एचबीएवनसी ६.५ च्या खाली असेल तरच. गोळ्या चालू असताना ६.२ आला म्हणून मधुमेह 'गेला' असं होत नाही.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोचवलेली दोन वेळांची पद्धत, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, ही महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायची गरज नाही. दुसऱ्या बाजूला दर दोन तासांनी थोडं खा म्हणणारे. या दोन गटांच्या भांडणात मी पडत नाही, कारण माझ्याकडे दोन वेळा जेवून १० किलो उतरलेले पेशंट आहेत आणि दोन वेळा जेवून जाड झालेलेही. दुसऱ्या प्रकारचे कसे? बारा वाजता पाच पोळ्या, भाताचा डोंगर आणि 'आता रात्रीपर्यंत काही नाही ना' म्हणून वर शिरा. दोन वेळा जेवल्याने ज्यांचा फायदा होतो त्यांचा तो मुख्यतः मधलं सुटल्याने होतो: चहाबरोबरची खारी, चारचा चिवडा, रात्री टीव्हीसमोरची फरसाणाची वाटी, आणि दिवसाचे पाच गोड चहा. वजन आणि कमरेचा घेर उतरत असेल तर पद्धत लागू पडतेय, मग ती कुणाचीही असो. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत, हे आपल्या लोकांसाठीचं माप. बेंबीच्या रेषेत टेपने मोजा. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते.

ताटाबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकी सगळं तुम्ही वाचलेलं असेल. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी, पण ती पथ्याची म्हणून मोजायची नाही असा समज फार पसरलाय. तीन भाकरी म्हणजे भरपूर पिष्टच. आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर त्या दिवशी साखर मोजून बघा, मी काही बोलायची गरज उरणार नाही. उसळ, पिठलं, डाळ, अंडी, मासे खात असाल तर मासे, हे ताटात आधी वाढा. भात शेवटी आणि मुठीएवढा.

दोन वेळांची पद्धत सुरू करायला माझी हरकत नाही, हरकत आहे ती जुन्या गोळ्यांवर ती चढवायला. ग्लिमेपिराइडचं वर सांगितलंच. इन्सुलिन घेणाऱ्यांना हाच धोका. तिसरा धोका लोकांना माहीत नसतो: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या. पेटंट संपल्याने त्या स्वस्त झाल्यात आणि आता सर्रास लिहिल्या जातात. त्या चालू असताना कडक उपास किंवा पिष्ट जवळजवळ बंद केलं तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि फसवी गोष्ट अशी की साखर तेव्हा फार वाढलेली नसते. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं यापैकी काही झालं तर साखर १८० आहे म्हणून घरी थांबू नका. वडिलांच्या फाइलमध्ये ही गोळी दिसत नाही, पण उद्या कुणी बदलून दिली तर लक्षात असू द्या.

पुढच्या भेटीला जाताना काय काय न्यायचं: जुनं डिस्चार्ज कार्ड, जूनचा रिपोर्ट, आणि आठवडाभर रोज वेगवेगळ्या वेळी बोटातून घेतलेली साखर, वेळ आणि काय खाल्लं यासकट, साध्या वहीत. नव्याने एचबीएवनसी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली नसेल तर ती. मधुमेह २०२१ च्या आधीपासून असेल तर डोळे आणि किडनीच्या दृष्टीने तेवढी वर्षं जास्त मोजायची, हा त्या ६.९ चा खरा उपयोग. मधुमेहाचा प्रकार ठरवणाऱ्या सी-पेप्टाइड, अँटिबॉडी या महाग तपासण्यांची सध्या घाई नको. वजन वाढत असताना चढलेली शुगर सहसा टाइप २ च असते. काहीही न करता वजन झपाट्याने उतरायला लागलं तर मात्र त्या करून घ्याव्यात. डॉक्टरांना हेही विचारा की ग्लिमेपिराइड काढून वजन कमी करायला वर्षभराची मुदत देता येईल का. ८१ वरून ७० पर्यंत यायची वडिलांची तयारी असेल तर हे विचारण्यासारखं आहे. किडनी, हृदय, आधीचं ब्लडप्रेशर पाहून ते हो किंवा नाही म्हणतील. ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

तुमचं स्वतःचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. आजीला होती, वडिलांना आहे, तेव्हा तिशीत असाल तर तुमचीही उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी या महिन्यात करून टाका. आणि जाताना काकांना बरोबर न्या. ज्या आजीला शुगर होती ती त्यांचीही आईच.